फुकट प्रोग्रामची तीन कोटेशनं

मी तेव्हा मालवणातल्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका सरकारी योजनेतून शाळेला कॉम्प्युटर आला आणि मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी त्याच्या खोलीला कुलूप लावलं. मग खिडक्यांना जाड पडदे आले, दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी आली आणि यंत्रावर चित्रकलेच्या बाईंनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन आलं. उद्‌घाटनाला मंत्री यायचे होते, ते येईपर्यंत यंत्राचं बटण कोणी दाबायचं नव्हतं. मंत्री तीनदा येणार होते आणि तीनदा आले नाहीत. अबोलीचे हार तीनदा सुकले. शेवटी सरांनी स्वतःच नारळ वाढवला. पाणी यंत्रावर उडू नये म्हणून तो खोलीत न फोडता व्हरांड्याच्या शेवटच्या पायरीवर फोडला.

यंत्राची जबाबदारी माझ्यावर आली. मीच का, असं विचारल्यावर सर म्हणाले, "तुम्ही भौतिकशास्त्राच्या. आणि तुमच्या हाताला घाम येत नाही."

पुढचे काही महिने आम्ही त्या यंत्राचं काय केलं, तर मुलांना ते दाखवलं. वर्गवार रांगा करून मुलं एका दारातून आत यायची, हिरव्या अक्षरांकडे बघायची आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडायची. एका मुलीने बाहेर पडताना हात जोडलेले मी पाहिले. सरांनीही ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

अशात एका दुपारी शाळेत एक गृहस्थ आले. साठीचे, काळे, उंच, अंगात पांढरा हाफ शर्ट आणि काखेत छत्री. तारकर्लीचे होते. उभं आयुष्य मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेलं. टकटक करत जगभर निरोप पाठवायचे आणि घ्यायचे. निवृत्त झाल्यावरही रेडिओ सुटला नव्हता. घरी हौशी रेडिओ केंद्र होतं, रीतसर परवान्याचं, आणि शेवटच्या सफरीत आणलेला एक कॉम्प्युटरही होता. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणत आले.

त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. आत पुठ्ठ्यांच्या मध्ये दोन फ्लॉपी होत्या.

"गो बाय, तुमच्या शाळेत कॉम्प्युटर आसा मा?"

"आहे."

"चलता?"

"चालतो. पण चालवत नाही."

ते हसले आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते समजायला मला आठवडा लागला. कुठल्याशा दूरदेशी एका हौशी रेडिओवाल्याने एक प्रोग्राम लिहिला होता. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे तर कोणी आधी बोलायचं, निरोपाचे तुकडे कसे करायचे, तुकडा हरवला तर काय करायचं, याचे नियम ठरलेले असतात. ते नियम हा प्रोग्राम पाळायचा, आणि तेही तारेवाचून, रेडिओवरून. बाजारात मिळणारे प्रोग्राम तोंड शिवलेल्या पोत्यासारखे असत, आत काय भरलंय ते दिसत नसे. या माणसाने प्रोग्रामबरोबर त्याचा सगळा मूळ मजकूर दिला होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की हा घ्या, वापरा, मित्रांना द्या, चूक सापडली तर दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती आम्हाला कळवा. जगभर कितीतरी लोक तसं कळवत होते. काही मंडळी तर आख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच अशी उघडी आणि फुकट लिहायला बसली होती आणि तिच्यासाठी त्यांना असले प्रोग्राम हवे होते.

"मग तुम्ही घरी चालवा ना," मी म्हटलं.

"एकटो कॉम्प्युटर बोलतलो कोणाशी?" काका म्हणाले. "माका दुसरो होयो. सगळ्या तालुक्यात चौकशी केलंय. दुसरो फक्त तुमचो, आणि तो आसा कुलपात."

मी सरांकडे गेले. सर चांगले होते हे आधी सांगते. सकाळी सगळ्यात आधी शाळेत यायचे, आजारी शिक्षकाचा तास स्वतः घ्यायचे. फक्त कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे.

"प्रोग्राम घ्यायचा तर तीन कोटेशनं लागतील," सर म्हणाले.

"सर, तो फुकट आहे."

"असू दे. नियम वस्तूला आहे. तीन कोटेशनं घ्या, सर्वांत कमी असेल ते मंजूर करू."

"एकच माणूस देतो सर, आणि तो काहीच मागत नाही."

सरांनी चष्मा काढला. काळजीत पडले की ते चष्मा काढत. "काहीच मागत नाही? मग तर प्रकरण व्यवस्थापन समितीपुढे ठेवावं लागेल."

समितीची सभा शनिवारी दुपारी भरली. मला स्टुलावर बसवून प्रश्न विचारण्यात आले. हा परदेशी माणूस कोण? त्याचं आपल्या शाळेशी नातं काय? पुढे मागे तो शाळेत मुलांना प्रवेश मागणार नाही ना? अध्यक्ष बाजारातले मोठे व्यापारी होते. ते म्हणाले, "फुकट दिता म्हणजे त्यात कायतरी गोम आसतली. माझ्या उभ्या जल्मात माका कोणी फुकट काय दिल्यान नाय." त्यांनीही कोणाला दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मग एक सभासद बोलले. ते मसुऱ्याकडचे शेतकरी, आंबाकाजूवाले. सभेत सहसा डोळे मिटून बसत. तेव्हाही ते मिटलेलेच होते.

"आमच्या वाडयेर पावस सरलो काय सगळे मिळान व्हाळार बांध घालतत. कोण दगड हाडता, कोण माती टाकता. पाणी सगळ्यांच्या शेताक जाता. खंय फुटलो तर ज्याका दिसता तो बुजयता. थंय कोण कोटेशन मागता?"

आठवडाभर पुस्तकं चाळूनही मला जे धड समजलं नव्हतं ते या माणसाने डोळे न उघडता सांगितलं होतं. अध्यक्षांनी मात्र विचारलं, "आणि जो बांधाक येणा नाय, तेच्या शेताक पाणी जाता काय नाय?"

"जाता," शेतकरी म्हणाले. "पण गावात तेचा नाव निघता."

ठराव मंजूर झाला. सरांनी तो असा लिहिला: 'अज्ञात परदेशी इसमाकडून प्राप्त मौखिक स्वरूपाची देणगी स्वीकारण्यात येत आहे.' मौखिक का, असं मी विचारलं. सर म्हणाले, दोन यंत्रं बोलणार आहेत ना, म्हणून.

रेडिओवरून बोलायचं तर शाळेतल्या बाजूलाही परवानेवाला माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे मी, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. परवान्याची परीक्षा असायची आणि तिच्यात मोर्सची टकटक यावी लागायची. दर रविवारी मी एसटीने तारकर्लीला जायची. काका ओसरीवर बसून मोर्सचं बटण दाबायचे आणि मी वहीत अक्षरं उतरवायची. काकी मध्येच सोलकढी आणून ठेवायच्या. एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "लग्नाक पस्तीस वर्सां झाली गो. ह्यांचा तोंडान बोलणा कमी आणि ह्या टकटक जास्त." शिक्षकखोलीत मी डब्यावर चमच्याने सराव करायची. गणिताच्या सरांनी लेखी तक्रार केली. ती तक्रार फायलीत लागली, कारण ती लेखी होती.

गोव्याला जाऊन मी परीक्षा दिली आणि पास झाले. मग पोलीस चौकशी आली.

चौकशीला आलेले जमादार घाटावरचे होते आणि त्यांना कामापुरतंच बोलायची सवय होती. ते किनाऱ्यावर चोरट्या मालाचे दिवस होते, त्यामुळे बिनतारी यंत्र म्हटलं की पोलिसांचे कान उभे राहत. तोवर आम्ही शाळेच्या कौलांवर अँटेनासाठी बांबू उभा करून त्याला ॲल्युमिनियमच्या काड्या बांधल्या होत्या. जमादार बराच वेळ खाली उभे राहून वर बघत होते.

"यावर कावळे बसतात का?"

"बसतात."

त्यांनी ते लिहून घेतलं. "तुम्ही कोणाशी बोलणार?"

"तारकर्लीला एक निवृत्त अधिकारी आहेत, त्यांच्याशी."

"तारकर्लीला? एसटी जाते की तिकडं."

"हो, जाते."

"मग?"

मी काहीतरी बोलले, विज्ञान, भविष्यकाळ, विद्यार्थ्यांचं हित. जमादारांनी लिहिलं, 'बाई सुशिक्षित असून संशयास्पद काही आढळले नाही.' ते वाक्य वाचून मला वाटलं, सुशिक्षित असूनसुद्धा.

बऱ्याच महिन्यांनी परवाना आला. पहिला निरोप पाठवायचा दिवस ठरला. सर, अध्यक्ष, चित्रकलेच्या बाई, सगळे चपला काढून खोलीत उभे राहिले. यंत्र आणि काकांनी आणलेला जुना रेडिओ यांच्यामध्ये त्यांनीच झाळकाम करून बनवलेली, अक्षरांचे आवाज करणारी एक पेटी होती. मी टाइप केलं, 'काका, पोचलां काय?' आणि बटण दाबलं. रेडिओने खरखर केली. पेटीवरचा लाल दिवा लागला आणि विझला. मग काहीच झालं नाही. पुन्हा खरखर. मग त्याहून लांब शांतता. मग आणखी एकदा खरखर आणि त्याहून कितीतरी लांब शांतता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. सर म्हणाले, "विचार करतोय तो." हळूहळू मंडळी पांगली.

शाळा सुटायच्या सुमाराला काका स्वतः दारात उभे. एसटीने आले होते.

"कायतरी धाडलंस काय गो?"

"दुपारी धाडलं!"

"अर्धा पोचलां. 'काका, पो' इतक्याच इला. म्हटलां, बाय पोहे खातली की पोर्तुगालाक जातली?"

त्या दिवसापासून आमचं खरं काम सुरू झालं. मी प्रोग्रामचा मूळ मजकूर छापून घ्यायचं ठरवलं. कागदाच्या प्रत्येक तावासाठी सरांची सही लागत होती. त्यांनी सगळ्या तावांवर सह्या केल्या, कोऱ्या बाजूला आणि शांतपणे, मी काय करते आहे हे न विचारता. तो गठ्ठा घेऊन मी उन्हाळ्याची सुट्टी काकांच्या ओसरीवर काढली. काका एक पान वाचायचे, मी दुसरं. त्यांना यंत्र कळत होतं, मला गणित. प्रोग्रामची भाषा दोघांनाही नवीन होती. काकी आंब्याची साटं वाळत घालताना विचारायच्या, "गावली काय चूक?" आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखी माना हलवायचो.

चूक शेवटी सापडली. निरोपाचा तुकडा पाठवला की प्रोग्राम उत्तराची वाट बघायचा. उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवायचा, पण या वेळी दुप्पट वाट बघायचा. पुन्हा नाही आलं तर त्याच्या दुप्पट. कल्पना शहाणपणाची होती, उगीच गर्दी होऊ नये म्हणून केलेली. पण या दुप्पट होण्याला कुठे मर्यादाच घातलेली नव्हती. आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा तरी डुलायची, कावळे काड्या वाकवायचे, मध्ये माडांची झावळं. चारपाच तुकडे सलग हरवले की प्रोग्राम रुसायचा आणि मग तास तास बोलायचाच नाही. तेवढ्यात वीज परत आलेली असायची, सगळं सुरळीत असायचं, पण हा आपला गप्प.

"आमच्या धाकट्या भावासारखो," काका म्हणाले. "एकदा जमिनीवरसून रुसलो तो अजून बोलणा नाय."

मी मजकुरात दोन ओळी घातल्या. वाट कितीही दुप्पट झाली तरी अमुक इतक्यापेक्षा जास्त थांबायचं नाही. काकांच्या यंत्रावर नवा प्रोग्राम तयार केला, फ्लॉपी घेऊन एसटीने शाळेत आले आणि निरोप पाठवला. मध्ये वीज गेली, आली. लाल दिवा लागला, विझला, लागला. काही मिनिटांत पडद्यावर अक्षरं उमटली: 'पोचलां. आख्खां.'

मी खोलीत एकटीच होते. त्या क्रोशाच्या आच्छादनात तोंड खुपसून मी रडले हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दुरुस्ती दोन ओळींत आणि कारणं तीन पानांत लिहून परदेशी धाडली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. मी पाकीट फोडताना मनात म्हणत होते, ही जगभरची थोर माणसं, पैशाची आस नाही, नावाची आस नाही, सगळी मिळून काम करतात. आत सहा पत्रांच्या प्रती होत्या. पहिल्यात म्हटलं होतं, दुरुस्ती चांगली आहे. दुसऱ्यात एकाने म्हटलं होतं, मर्यादा घालायला त्याचा तात्त्विक विरोध आहे. तिसऱ्याने दुसऱ्याला विचारलं होतं, त्याने आजवर एक तरी ओळ लिहिली आहे का. चौथ्याचं म्हणणं, दुरुस्ती ठीक, पण बाईंनी महिरपी कंस चुकीच्या ओळीवर लिहिला आहे. पाचवं आणि सहावं पत्र फक्त त्या कंसाबद्दल होतं, आणि तीच सगळ्यांत लांब होती.

मी ती पत्रं सरांना वाचून दाखवली. सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्यांचीही समिती आहे!" त्या दिवसापासून त्यांना त्या फुकट प्रोग्रामबद्दल मनापासून विश्वास वाटू लागला.

आणखी काही महिन्यांनी नव्या आवृत्तीची फ्लॉपी आली. माझ्या ओळी तिच्यात होत्या. कंस हलवलेला होता. शेवटी मदत करणाऱ्यांची यादी होती आणि तिच्यात माझं आडनाव, पुढे 'मिस्टर' लावून. काकांनी ते वाचलं आणि इतके हसले की काकी पाणी घेऊन धावत आल्या.

शाळेच्या स्नेहसंमेलनात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, अबोलीचा हार. मी पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभी होते, रांगोळीही मीच काढली होती. अध्यक्षांनी माईकवरून जाहीर केलं, की आपल्या मालवणच्या सुपुत्राने परदेशी प्रोग्रामातली चूक पकडली, आणि त्यांनी काकांच्या अंगावर शाल घातली. टाळ्या पडल्या. सर माझ्याकडे बघून खाली बघायला लागले. त्यांना ठाऊक होतं, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

काका माईकसमोर गेले. ऑफिसात आणि व्यासपीठावर आमच्याकडे माणसं शुद्ध मराठी बोलतात. काका तसं बोलले नाहीत.

"ह्यां माझां न्हय," ते म्हणाले. "दाराकडे उभी आसा ना, तिचां. मी नुसती पानां परतलंय." आणि शाल काढून हातावर घेतली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत दारापर्यंत आले. ती शाल त्यांनी माझ्या हातात दिली. मुलांनी बाकं बडवली. अध्यक्ष माईकमध्ये म्हणाले, "दोघांचाही," पण तेवढ्यात लाउडस्पीकरवाल्याने गाणं लावलं होतं.

मला त्या संध्याकाळी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही. पावसाळ्यात एक पत्र आलं. कुठल्याशा डोंगराळ देशातून, एका शिक्षकाने लिहिलेलं. त्यांच्याकडे दहाबारा खेड्यांत अशी यंत्रं एकाच रेडिओलहरीवर होती. तुमच्या मर्यादेमुळे, त्याने नम्रपणे लिहिलं होतं, आमची सगळी यंत्रं अडचण आली की थांबायचं सोडून एकदम बोलायला लागतात आणि कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. तुमच्याकडे बहुतेक दोनच यंत्रं असावीत.

मी पत्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला. "चूक? आपली? छापील?" मग जरा विचार करून म्हणाले, "ठराव मागे घ्यावा लागेल का?"

"नाही सर. दुरुस्त करावी लागेल."

"कागद किती लागेल?"

"पाचसहा ताव."

सरांनी खण उघडला, कोरे ताव मोजून घेतले आणि सह्या करायला बसले. मी पुढच्या रविवारच्या एसटीने तारकर्लीला गेले. काका ओसरीवर होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"बारा कॉम्प्युटर," ते म्हणाले, जसं काही कोणी बारा बोटींचा ताफा सांगितला होता. मग म्हणाले, "मर्यादा आपण ठरवूची नाय गो. ज्येका जितकी होयी तितकी त्येणा घालूची. तशी सोय कर."

मी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला घेतलं. काकींनी आतून विचारलं, आता आणखी काय चुकलं, आणि काका म्हणाले, "आमचांच चुकलां. चाय टाक."